टेलला पाणी पोचते ते कागदावर

चवदार तळ्याचे पाणी हाती घेणाऱ्यांचे आपण वारस; पण कालव्याचे पाणी कोण, कसे मोजतो हे आपण विचारतच नाही. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमापाने द्यायचे ठरवले. (भूमिहीनाला त्या संस्थेत जागा नाही, तो वेगळा झगडा.) मग चारीच्या तोंडाशी बसवलेला फ्लूमच आपला तराजू.

पार्शल फ्लूम घ्या. एक फुटी गळ्याचा साधारण ०.११ ते १६ क्युसेक मोजतो. अर्धा क्युसेक वाहणाऱ्या चारीवर तीन फुटी बसवला तर पाणी पट्टीवर जेमतेम ४ सेंटिमीटर चढते. वाचनात एक सेंटिमीटर जास्त धरला की हिशेब सुमारे ४० टक्क्यांनी फुगतो. आणि पुढे चारी गाळाने तुंबली, खालची पातळी वरच्या पातळीच्या ७० टक्क्यांपुढे गेली, तर एकच पट्टी वाचून काढलेला विसर्ग खऱ्यापेक्षा जास्तच निघतो. पट्टी भरायची त्या न मिळालेल्या पाण्याची. टेलला जमीन असलेल्या आपल्या माणसांना हे पुरते ठाऊक आहे, फक्त आकड्यात मांडता येत नाही.

इंजिनिअर झालेल्या पोरांनो, पुढच्या पाळीला टेप घेऊन या. गळा मोजू, दोन्ही पातळ्या लिहू, आणि तक्ता मागू.

जयभीम.