मोझार्टचा बाजार

तान्ह्या बाळाला रंगांच्या चित्रफिती दाखवा, मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढेल! हा बाजारी मंत्र मोबाइलवरून पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावीही पोचला आहे. आधार कोणता? १९९३ सालचा अमेरिकेतील एक प्रयोग. त्यात बालके नव्हतीच. महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटे! अशा चित्रफिती विकणाऱ्या डिस्नेवर २००९ साली ग्राहकांना पैसे परत देऊ करण्याची वेळ आली.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली ती परिसरातल्या वस्तूंवर. रंग तिथे फुकट होते. तो वारसा चालवणाऱ्या सेविकेला शासन वेतन नाकारून ‘मानधन’ देते. मजूर आईला पाळणाघर नाही, म्हणून बाळापुढे मोबाइल येतो. दोष तिचा नव्हे. पूर्णेच्या कार्यकर्त्यांनी पाळणाघराची मागणी आता तहसीलवर न्यावी.