दिल्ली ते वॉशिंग्टन: अंतर तेवढंच, मग प्रवास का लांबला?

गुगलवर ‘दिल्ली ते वॉशिंग्टन अंतर’ टाकलं की उत्तर येतं साधारण १२ हजार किलोमीटर. मोठं प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार करा, तेरा-साडेतेरा तास होतात. मग एअर इंडियाच्या विमानाला इंधनासाठी व्हिएन्नाला का उतरावं लागत होतं? आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ही सेवाच का थांबवली?

गुगलचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेला दोरा. तो दिल्लीहून उत्तरेकडे चढतो आणि पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, ग्रीनलंड, कॅनडा असा जातो. (सपाट नकाशावर हे पटणार नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा लावून बघाच.)

या दोऱ्याची सुरुवातच आता बंद आहे. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. भारतानेही ३० एप्रिलला पाकिस्तानी विमानांवर तशीच बंदी घातली. दोन्ही बंदी त्यानंतर महिन्या-महिन्याने वाढत गेल्या.

मग पाकिस्तान टाळून सरळ उत्तरेला का जात नाहीत? कारण तिथे हिमालय आणि तिबेटचं पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमान तातडीने १० हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं. तिबेटात जमीनच त्याहून उंच! त्यामुळे जायचं उत्तरेला, पण आधी दक्षिणेकडे अरबी समुद्रावर यायचं आणि मग वळायचं. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना हा वळसा तुलनेने कमी पडतो.

जास्त वेळ म्हणजे जास्त इंधन. त्या इंधनाचं वजन वाहायलाही इंधन लागतं. त्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून. टाकी पुरत नसेल तर माल किंवा प्रवासी कमी करा, नाहीतर वाटेत थांबा.

सेवा थांबवताना एअर इंडियाने दुसरं कारणही दिलं होतं: जुनी बोईंग ७८७ विमानं नूतनीकरणासाठी जाणार, त्यामुळे विमानं कमी. पण वळशाचा फटका छोटा नाही. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश साडेचार महिने बंद होतं, तेव्हा २ जुलैपर्यंतच एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं.

यातली खरी मेख म्हणजे बंदी फक्त भारतीय विमानांवर आहे. अमेरिकी किंवा युरोपीय कंपन्या त्याच आकाशातून जातात, वेळ आणि पैसा दोन्ही वाचवतात.

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा बऱ्याचदा थोडे जास्त पैसे मोजतात, ते वाटेत विमान बदलायला नको म्हणून. त्यांचं तिकीट काढताना एक बघा: ‘डायरेक्ट’ म्हणजे ‘नॉन-स्टॉप’ नव्हे. डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर तोच राहतो, पण विमान मध्ये उतरू शकतं.