चांगल्या पत्त्यांचा वाईट डेक

रमी किंवा ब्रिजमध्ये बावन्न पत्ते सर्वांना सारखेच. हाती काय येते ते नशीब आणि आलेल्यातून काय घडवायचे ते कौशल्य, अशी तिथली वाटणी आहे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली आला आणि त्याने ही वाटणी बदलली. इथे प्रत्येक खेळाडू हजारो निरनिराळ्या पत्त्यांतून निवड करून आपला डेक स्वतःच रचून आणतो. पत्ते किमान साठ, आणि मूलभूत लँड वगळता एका पत्त्याच्या प्रती चारपेक्षा अधिक नाहीत, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे निम्मा खेळ पत्ते पिसण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

या पूर्वार्धात नवखा खेळाडू हमखास एक गोष्ट करतो: आपल्याजवळचे सर्वांत देखणे, दुर्मिळ आणि बलाढ्य पत्ते एकत्र करतो. साठात मावत नाहीत म्हणून ऐंशी करतो. एकेक पत्ता पाहिला तर नावे ठेवायला जागा नसते. आणि तरीही असा डेक हरतो. माझ्या मते या हरण्यात रचनेविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे: पत्त्याची किंमत पत्त्यात नसते, ती शेजारच्या एकोणसाठ पत्त्यांशी असलेल्या नात्यात असते.

आधी हिशेब पाहू. सुरुवातीला सात पत्ते हाती येतात. साठांच्या डेकमध्ये एका पत्त्याच्या चार प्रती असतील, तर त्यांतली निदान एक पहिल्या हातात येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. ऐंशींच्या डेकमध्ये ती ३१ टक्क्यांवर येते. आवडता म्हणून ठेवलेला प्रत्येक जादा पत्ता इतर सर्व आवडत्यांना थोडेथोडे दूर लोटत असतो. लँडचेही तसेच. पत्ता खेळायला ‘माना’ लागतो, तो लँडमधून मिळतो, आणि एका पाळीत एकच लँड मांडता येते. साठांत चोवीस लँड असल्या तर साधारण सातांतला एक हात असा येतो की त्यात एक लँड असते किंवा तीही नसते. ‘कंटाळवाण्या’ लँड कमी करून वीसच ठेवल्या, तर असा हात चारांतून एकदा येतो. हातात सहा बलाढ्य पत्ते आणि ते मांडायला काहीच नाही, ही अवस्था दुर्दैवाची वाटते. पण बरेचदा ती घरी बसून आपणच रचलेली असते.

या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण १९९६ सालचे आहे. अटलांटातील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय या खेळाडूने जे श्नायडर यांनी आखलेला तांबड्या रंगाचा डेक खेळून दुसरा क्रमांक मिळवला. त्यातले बरेच पत्ते जाणकारांनी टाकाऊ ठरवलेले होते. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’चेच पाहा. दोन माना, बळ दोन, आणि वर एक उणेपण: बळ दोन किंवा अधिक असलेल्या शत्रूला हा अडवू शकत नाही. सुटा पाहिला तर लंगडाच पत्ता. पण पहिल्या पाळीला एका मानाचा, दुसऱ्या पाळीला दोन मानांचा पत्ता मांडत सतत चाल करून जाणे हाच ज्या डेकचा धर्म, त्याला अडवायचे असते कधी? तिथे ते उणेपण जवळजवळ उरतच नाही. प्रत्येक पाळीचा माना पुरेपूर वापरला जाईल अशी पत्त्यांची चढण बांधायची, ही कल्पना पुढे ‘माना कर्व्ह’ या नावाने रूढ झाली. आक्रमक तांबड्या डेकच्या या घराण्याला आजही ‘स्लाय’ म्हणतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही सगळी रचनेची महती ऐकायला बरी. प्रत्यक्षात अनेक स्पर्धांतले यशस्वी डेक महाग असतात, आणि त्यांतले दुर्मिळ पत्ते परवडणाऱ्यालाच रचनेचे स्वातंत्र्य मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पाकिटातून काय निघेल हे न सांगता पाकीट विकणे हा या धंद्याचा पायाच आहे. पण म्हणूनच दुर्मिळता आणि गुणवत्ता यांची गल्लत होऊ न देणे अधिक गरजेचे ठरते. दुर्मिळता छापणारा ठरवतो, किंमत बाजार ठरवतो; उपयोग मात्र डेक रचणाऱ्याने ठरवायचा असतो. जो तोही बाजारावर सोपवतो, त्याच्याजवळ संग्रह जमतो, डेक होत नाही.

जिंकलेल्या डेकची यादी जशीच्या तशी उचलण्याबद्दलही माझे मत यातूनच येते. नक्कल करण्यात पाप नाही; पण यादीत साठ नावे दिसतात, वगळलेले पत्ते दिसत नाहीत. हा पत्ता इथे का आहे आणि त्याहून ‘चांगला’ तो दुसरा का नाही, हे ज्याला सांगता येते त्याने तो डेक पुन्हा रचला असे मी म्हणेन. ज्याला सांगता येत नाही, तो परिस्थिती बदलल्यावर कोणता पत्ता काढावा इथेच अडतो. आणि मग बहुधा काहीच न काढता एकसष्टावा पत्ता घालतो.