टिचकी मारायला एवढा आळस?

मंडळी, "लिनक्सवर डिस्क नीट बर्न होत नाही" हे आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) अजूनही ऐकू येतं. मला हे साफ अमान्य आहे. लिनक्सवर केथ्रीबी नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. त्यात लिहिलेली माहिती पडताळण्याची एक चौकट असते. तिथे टिचकी मारली की डिस्क लिहून झाल्यावर पुन्हा वाचली जाते आणि मूळ माहितीशी ताडून बघितली जाते. यात वेळ जातो, म्हणून लोक चौकट रिकामी ठेवतात आणि खापर लिनक्सवर फोडतात!

अहो, पेपर न तपासता आपण गुण देतो का? नात्यातल्या एका लग्नाची डीव्हीडी ऐन सप्तपदीला अडकते. स्टुडिओवाल्याने मूळ चित्रण केव्हाच पुसलंय. त्याच्याकडे तर विंडोज होतं! त्या चित्रणात आमच्या थोरल्या काकूंचा आवाज होता. काकू आता नाहीत.

७०० एमबीची सीडी असो की ४.७ जीबीची डीव्हीडी, पडताळणी झाल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी लिनक्सला नावं ठेवू नयेत.