फोटो छातीशी, रुमाल हातात

मैत्रिणींनो, फुगडी कधी एकटीने घालून बघितली आहे? जमत नाही. समोरचीने हात सोडला की आपण मागे जाऊन आपटतो, कारण आपला निम्मा तोल तिच्याकडे असतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात ‘क्वेका’ नावाचा असाच दोघांचा नाच आहे. एक पुरुष, एक बाई, दोघांच्या हातात रुमाल. हात धरायचे नाहीत, पण नजर सोडायची नाही. तो पुढे येतो, ती वळते, अर्धवर्तुळात फिरून दोघं जागा बदलतात, शेवटी पाय आपटत ठेका धरतात. लग्नात, जत्रेत, राष्ट्रीय सणाला सगळे हा नाच करतात. लहान मूलसुद्धा सांगेल, आता तो कुठे असेल आणि ती कुठे.

८ मार्च १९७८ रोजी राजधानी सान्तियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात महिला दिनाचा कार्यक्रम होता. तिथे पांढरा ब्लाउज आणि काळा स्कर्ट घातलेल्या बायका आल्या. प्रत्येकीच्या छातीवर एक फोटो टाचलेला. नवऱ्याचा, मुलाचा, भावाचा. बाकीच्या गाऊ लागल्या आणि त्यांच्यातली एक पुढे येऊन एकटीच क्वेका नाचली. रुमाल हलवला, अर्धवर्तुळ घेतलं, जिथे त्याने यायचं तिथे जागा सोडली. ती जागा रिकामीच राहिली. या नाचाचं नावच पडलं ‘एकटीची क्वेका’. गाणं बांधलं होतं त्यांच्यातल्याच गाला तोरेस यांनी.

आता यामागची गोष्ट. ११ सप्टेंबर १९७३ला जनरल पिनोचेट यांनी लोकांनी निवडून दिलेलं सरकार उलथवलं. पुढच्या सतरा वर्षांत तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी केली गेली. ‘नाहीशी’ हा शब्द नीट समजून घ्या. घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून माणूस उचलून न्यायचा आणि चौकशीला गेलेल्या बायकोला सांगायचं, असा कुणी आमच्याकडे नाहीच. प्रेत नाही, दाखला नाही, रडायलासुद्धा जागा नाही.

तेव्हा या बायकांनी काय केलं? आधी तुरुंगाच्या आणि कचेऱ्यांच्या दारात रांगा लावल्या. आणि मग सुई-दोरा हातात घेतला. गोणपाटाला तिकडे ‘आर्पियेरा’ म्हणतात. त्याच्या तुकड्यावर चिंध्या जोडून त्या चित्रं शिवू लागल्या. चर्चच्या आवारात बसायचं, घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे आणायचे. काहींनी तर बेपत्ता माणसाच्याच शर्टाचे तुकडे लावले. मागे आन्डिज पर्वत, वर सूर्य, आणि खाली पोलिसांची गाडी, तुरुंगाचं दार, ‘ते कुठे आहेत?’ असा फलक धरलेल्या कापडी बाहुल्या. लांबून बघितलं तर वाटेल कुंची किंवा दुपटं असावं, इतके गोड रंग! कॅथलिक चर्चच्या एका मदत कचेरीमार्फत हे तुकडे परदेशी जात आणि दोन पैसे या बायकांच्या हाती येत. वर्तमानपत्रांवर कडक बंधनं असलेल्या देशाची बातमी अशी चिंध्यांतून बाहेर गेली. शिवणाऱ्या बायकांकडे कोण लक्ष देणार, हाच त्यांचा बचाव होता. पुढे सरकारच्या लक्षात आलं आणि हे तुकडे जप्तही होऊ लागले, ती गोष्ट वेगळी.

मला विशेष वाटतो तो यातला प्रवास. आधी फोटो होता मोर्चातल्या फलकावर. तो छातीवर आला आणि नाच झाला. मग हाच नाच पुन्हा गोणपाटावर गेला. पांढऱ्या ब्लाउजची बाहुली, हातात रुमालाचा टिचभर तुकडा आणि समोर कुणी नाही. चित्रातून नाच, नाचातून चित्र. शिकलेला नृत्यदिग्दर्शक यात कुठेच नाही. नाचाची एकही पायरी बदलली नाही, एकच माणूस काढून घेतलं. बघणाऱ्याच्या अंगात तो नाच लहानपणापासून मुरलेला, त्यामुळे उरलेलं त्याचं त्यालाच दिसत होतं.

सरकारला यात पकडायला काय होतं? गाणं होतं, पण घोषणा नव्हती. गंमत बघा, पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्याच लष्करी सरकारने क्वेका हा चिलीचा राष्ट्रीय नाच असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, एप्रिल १९७८ मध्ये, त्यांनी माफीचा कायदा करून सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ या काळातल्या आपल्या माणसांच्या गुन्ह्यांवर पडदा टाकला होता. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला लोनकेन गावाजवळच्या चुन्याच्या भट्टीत पंधरा जणांचे अवशेष सापडले. ‘असा कुणी नाहीच’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं ते असं.

१९८८ मध्ये पिनोचेट हवेत की नकोत यावर मतदान झालं. विरोधकांना रोज टीव्हीवर पंधरा मिनिटं मिळत, त्यात ही एकटीची क्वेका दाखवली गेली. ‘नकोत’च्या बाजूने सुमारे ५६ टक्के मतं पडली. मार्च १९९० मध्ये लोकशाही परत आली तेव्हा राष्ट्रीय स्टेडियममध्ये मोठा सोहळा झाला आणि तिथेही या बायका नाचल्या. हे तेच स्टेडियम, जिथे १९७३ मध्ये हजारो लोकांना डांबून ठेवलं होतं.

आमच्या बचत गटात मी हे सांगितलं तेव्हा कॉलेजच्या दोन मुली लगेच म्हणाल्या, ‘काकू, महिला दिनाला असंच काहीतरी बसवू या.’ कार्यक्रम समितीतलं कुणीतरी म्हणालं, ‘राजकारण नको हं.’ मला ते पटलं नाही. घरातलं माणूस परत आलं नाही हे सांगणं राजकारण असेल तर असू द्या! पण मुलींनाही मी एक विचारलं. तो रुमाल आणि तो काळा स्कर्ट उचलून आणलात तर ती वेशभूषा होईल. आपल्या अंगात मुरलेला नाच कोणता आणि त्यातून गेलंय कोण?

तेव्हा गटातली एक जण हळूच बोलली. तिचा नवरा ट्रकवर गेला तो सहा वर्षांत आला नाही. तिच्या घरी भिंतीवर त्याचा फोटो आहे. सासू म्हणते हार घाल, ही म्हणते नाही. आपल्याकडे फोटोला हार चढला की माणूस गेलं. कुंकू लावलं तर बायका बघतात, नाही लावलं तरी बघतात. पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं ठरवून दिली आहेत. ज्यांना त्याची बातमी असायला हवी त्यांना ती सात वर्षं मिळाली नाही, तर तो मेला असं धरता येतं. कागदाला तेवढं पुरतं, बाईला पुरत नाही. चिलीतल्या बायकांनी फोटो भिंतीवरून काढून छातीवर का लावला, हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा आधी कळलं. मुलींनी मग फुगडी घ्यायची ठरवली आहे. ती बाई उभी राहील की नाही, तिचं तिने ठरवायचं. तिला कुणी आग्रह करायचा नाही, एवढं मी बजावलंय.

चिलीत सत्तापालटाला पन्नास वर्षं होताना, ऑगस्ट २०२३ मध्ये, अध्यक्ष बोरिक यांनी बेपत्तांच्या शोधाची सरकारी योजना सुरू केली. तोवर हा शोध मुख्यतः नातेवाइकांनीच चालवला होता. यादीत १,४६९ नावं होती आणि त्यांतल्या ३०७ जणांचीच ओळख तोपर्यंत पटली होती. डिसेंबर २०२५ मध्ये होसे आन्तोनिओ कास्ट निवडून आले, ज्यांनी पिनोचेट यांच्या राजवटीचं उघड कौतुक केलेलं आहे. १९७८ मध्ये तिशीत असलेल्या बायका आज पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्याजवळचे फोटो मात्र अजून पंचविशी-तिशीतल्या पोरांचेच आहेत.