विश्लेषण : विमानामागची पांढरी रेघ पृथ्वी कशी तापवते?

उंचावरचे विमान अनेकदा दिसत नाही, पण त्यामागे उमटलेली पांढरी रेघ दिसते. बहुतेकांना तो धूर वाटतो. प्रत्यक्षात तो ढग असतो, इंजिनाने तयार केलेला. विमानांच्या प्रदूषणाचा हिशेब मांडताना मात्र हा ढग बहुतेक वेळा वगळला जातो.

रेघ उमटते कशी?
एक किलो विमान इंधन जळाले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. सोबत काजळीचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ४० अंशांखालीही जाते. तिथे वाफ या कणांवर थेंबरूपाने जमते आणि लगेच गोठते. हवा कोरडी असेल तर रेघ काही मिनिटांत विरते. हवेत बाष्प भरपूर असेल तर मात्र ती तासन्‌तास टिकते, पसरते आणि पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग आकाशभर होतात.

मग बिघडले कुठे?
दिवसा हे ढग थोडे ऊन परतवतात, पण जमिनीकडून वर जाणारी उष्णताही अडवतात. रात्री ऊन नसतेच. उरते फक्त पांघरूण. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, विमानांनी आजवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा या ढगांचा तापवणारा परिणाम जास्त असू शकतो. या अंदाजात अनिश्चितता मोठी आहे, हेही खरे. पण कार्बन शतकानुशतके राहतो, ढग काही तासांत संपतो. म्हणजे रेघा थांबवल्या तर फायदा लगेच मिळतो.

त्या टाळता येतात?
बऱ्याच अंशी. २०२३ मध्ये गुगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० चाचणी उड्डाणांत दमट पट्टे चुकवण्यासाठी विमानाची उंची बदलून पाहिली. रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या; त्या उड्डाणांचे इंधन सुमारे २ टक्के जास्त लागले. सगळीच विमाने वळवायचीही गरज नाही. जपानच्या हवाई हद्दीवरील एका अभ्यासात जेमतेम २ टक्के उड्डाणे ८० टक्के परिणामाला जबाबदार आढळली.

नियम काय सांगतात?
युरोपीय महासंघाने जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांना कार्बनखेरीज इतर परिणामांचीही नोंद ठेवायला लावली आहे. भारतावर २०२७ पासून ‘कॉर्सिया’ ही जागतिक योजना बंधनकारक होते, पण तिच्यात मोजला जातो फक्त कार्बन डायऑक्साइड. देशातील विमानांची संख्या झपाट्याने वाढत असताना, निदान रेघांची नोंद तरी आपण आत्तापासून सुरू करायला हवी.