चार मीटरच्या आत मावेल तेवढंच कुटुंब?

परवा गाडी बघायला गेलो होतो. घरात चार पोरं. माझी दोन, नऊ आणि सहा वर्षांची. धाकटा भाऊ फौजेत, त्याच्या तीन वर्षांच्या जुळ्या मुली आमच्याकडेच असतात. बायको, भावजय आणि मी. झाले सात. त्यामुळे सात सीटांची गाडी ही आमची हौस नाही, साधी बेरीज आहे.

शोरूममधला पोरगा पंधरा मिनिटं सनरूफवरच बोलत होता. "सर, मुलं उभी राहून एन्जॉय करतात!" मी विचारलं, चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्स किती आणि कुठे? तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर हसले, "साहेब, आपल्याकडे कोण लावतंय!"

आता सरकारचा हिशेब ऐका. 22 सप्टेंबर 2025 पासून लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल 1200 किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के. त्यापुढे थेट 40. अर्टिगा 4395 मिलिमीटर, इंजिन 1462 सीसी. म्हणजे 40 टक्के. मर्यादेपेक्षा लांबी जास्त किती? हातभरसुद्धा नाही. गावाकडे वऱ्हाडापासून दवाखान्यापर्यंत धावणारी ही गाडी सरकारदरबारी चैनीची! आणि पाऊण कोटीची इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला जीएसटी 5 टक्के. चैन नेमकी कोणाची, हे कोणीतरी सांगावं.

"अहो, कर कमी झाला की!" म्हणणारे येतीलच. झाला ना. छोट्या पेट्रोल गाडीचा 29 वरून 18, अर्टिगाचा 45 वरून 40. ज्याच्या घरात माणसं जास्त, त्याला सवलत कमी.

मग चार मीटरच्या आतली सात सीटवाली घ्या की! मिळते. ट्रायबर आहे, 18 टक्क्यांत बसते. पण सातही सीट उघडल्या की डिकी उरते 84 लिटरची. चार पोरांच्या पिशव्या कुठे ठेवायच्या, मांडीवर?

मोठी घेतली तरी प्रश्न सुटत नाही. मधल्या रांगेत दोन्ही बाजूंना चाइल्ड सीट बांधल्या की त्या सीट पुढे दुमडता येत नाहीत. मागच्या पोरांनी चढायचं कुठून? मध्ये वाट असलेल्या दोन सुट्या सीट घेतल्या तर बहुतेक गाड्यांत सातातला एक जण घरी. आणि स्टार बघून खूश होऊ नका. भारत एनकॅपच्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे डमी चाइल्ड सीटमध्ये मधल्या रांगेत बसवतात. तिसऱ्या रांगेतल्या पोराचा डमी त्या धडकेत नसतो.

कायदा मात्र कडक! कलम 194 ब. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तर हजार रुपये दंड. दंड घ्या, हरकत नाही. पण पोरांना नीट बांधून नेता येईल अशी गाडी चैनीची ठरवायची आणि न बांधल्याबद्दल पावती फाडायची, हा कुठला न्याय?

आता आपल्याबद्दल. मीही पोरीला मांडीवर घेऊन पुढे बसलोय. गेल्या वर्षी लग्नाहून येताना ट्रॅक्टर आडवा आला, ब्रेक लागला, पुतणीचं कपाळ डॅशबोर्डवर. टेंगळावर निभावलं. घरी येऊन गणित केलं. ताशी 50 वेगातली गाडी दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोच्या बाळाचा ओढा सुमारे 140 किलोंएवढा होतो. कोणता बाप दोन हातांनी तो धरणार आहे?

मागणी साधी आहे. कर लांबीवर लावू नका. प्रत्येक सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा, मधल्या रांगेत आयसोफिक्स, तिसऱ्या रांगेपर्यंत एअरबॅग, एवढं जी सात सीटवाली देईल तिला 18 टक्के लावा. कंपन्या आपोआप देतील. आपले खासदार पुढच्या वेळी हार घालून घ्यायला आले की हे विचारा.

तोवर शोरूममध्ये गेलात तर सनरूफ नंतर बघा. पोरांना सोबत न्या, सगळ्यांना बसवा, आधी पट्टे मोजा. मॅनेजर हसले तर हसू द्या.

आमची गाडी अजून ठरलेली नाही. चाइल्ड सीट मात्र दोन घेऊन ठेवल्यात.